आरक्षणात नाही, पण कायद्यात आहे

सिकलसेलच्या रुग्णाकडे बघून कुणाला काही कळत नाही, हीच त्याची मोठी पंचाईत. मी दोंडाईच्याचा, एका सरकारी कार्यालयात लिपिक. माझा रक्ताचा रिपोर्ट 'एसएस', म्हणजे मी वाहक नव्हे, रुग्ण. ऑक्सिजन कमी पडला की माझ्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग कंबर, मांड्या, छाती अशी ठणकते की कूस बदलवत नाही. अंगातलं पाणी कमी झालं, अतिश्रम झाले, कडाक्याची थंडी पडली, एवढं निमित्त पुरतं.

भर मे महिन्यात मला गावोगाव फिरून पाहणी करायचं काम लागलं आणि पहिल्याच आठवड्यात मी दवाखान्यात भरती झालो. परतल्यावर टेबलावरचं काम मागितलं, तर साहेब म्हणाले, "हातपाय तर धड आहेत. तुम्ही कसले दिव्यांग?"

2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. जुन्या 1995 च्या कायद्यात सिकलसेल नव्हता. नव्या कायद्याच्या अनुसूचीत 21 प्रकार आहेत आणि त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार स्पष्ट लिहिलेले आहेत.

प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज केला आणि चिमठाणेमार्गे धुळ्याची एसटी धरली. तपासणीच्या दिवशी मी दिसायला ठणठणीत होतो. बोलले ते कागद. मायने लहानपणापासूनचे केसपेपर, डिस्चार्ज कार्डं, रक्त चढवल्याच्या नोंदी रेशनकार्डाच्या पिशवीत जपल्या होत्या. ठणक किती वेळा उठते, रक्त किती वेळा लागतं, कुठल्या अवयवाला इजा झाली, हे डॉक्टरांना त्यातूनच दिसलं. प्रमाणपत्र मिळालं, पण टक्के 40 च्या खाली.

कार्यालयाला आणखी दोन कारणं सापडली. एक, 40 टक्के नाहीत. दोन, नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणात हा आजारच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण मी आरक्षण मागतच नव्हतो! आरक्षण कलम 34 मध्ये आहे; तिथे अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, मानसिक आजार वगैरे गट आहेत, रक्ताचे आजार नाहीत. माझा आधार होता कलम 20. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याशी भेदभाव करू नये आणि त्याला काम करता येईल अशा वाजवी सोयी द्याव्यात, असं ते सांगतं. तिथे 40 टक्क्यांची अट नाही. विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्याला हाताच्या आजारामुळे परीक्षेत लेखनिक हवा होता आणि 40 टक्के नाहीत म्हणून लोकसेवा आयोगाने तो नाकारला होता. वाजवी सोय ही फक्त 40 टक्केवाल्यांची मिरास नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

मी कलम 23 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज दिला. सोबत प्रमाणपत्र, निकालाची प्रत आणि डॉक्टरांचं पत्र जोडलं. 'दया करावी' असा शब्द कुठे येऊ दिला नाही. नेमकं काय हवं ते लिहिलं: उन्हाळ्यात फिरतीतून सूट, रात्रपाळी नको, ठणक उठली तर लगेच रजा. आदेश निघाला. काम कमी झालं नाही, फक्त बदललं. फिरतीच्या नोंदी आता मी संगणकावर भरतो.

धाकट्या भावाचाही रिपोर्ट 'एसएस'च आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर टक्के 40 च्या वर आहेत. उच्च शिक्षणात त्याला दिव्यांगांच्या 5 टक्के जागांतून प्रवेश मागता येतो, पण नोकरीच्या अर्जातल्या दिव्यांग आरक्षणाच्या रकान्यात त्याच्या आजाराला जागा नाही. आत आलेल्याला कायदा सांभाळतो. दाराशी उभा असलेल्याला मात्र अजून ओळखत नाही. ते कलम 34 बदलल्याशिवाय होणार नाही, आणि ते माझ्या साहेबांच्या हातात नाही, संसदेच्या हातात आहे.