मोनेलसाहेब, चकवा आणि लोणच्याचा डबा

मी मराठी साहित्य घेऊन बीए झालेली. रसायनशास्त्राशी शेवटचा संबंध दहावीच्या प्रयोगवहीपुरता. अशा मला लीड्सच्या हन्स्लेट भागात, एका छोट्या कंपनीच्या खरेदी विभागात नोकरी लागली. रासायनिक कारखान्यांना निकेलच्या मिश्रधातूंचे पाइप आणि फ्लँज पुरवायचे, हा तिथला धंदा. पहिल्याच दिवशी टेबलावर चिठ्ठी : 'मोनेल, सहा तुकडे, आजच'. मी गोदामात जाऊन अदबीने विचारलं, "मिस्टर मोनेल कुठे बसतात?" सगळं गोदाम हसलं. रात्री शोधलं तेव्हा कळलं, की असे साहेब खरंच होऊन गेले. अँब्रोज मोनेल, इंटरनॅशनल निकेल कंपनीचे अध्यक्ष. दोन भाग निकेल आणि साधारण एक भाग तांबं असलेल्या या धातूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचंच नाव दिलं गेलं. आडनावाचा ट्रेडमार्क मिळत नव्हता, म्हणून स्पेलिंगमधला एक 'एल' गाळला, एवढंच. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते. साहेबांना भेटायला शंभर वर्षं उशिरा पोचले होते.

दुसऱ्या आठवड्यात मी हुशारी केली. 'लोखंड, निकेल, कोबाल्ट यांना चुंबक ओढतो' हे शाळेतलं वाक्य अजून पाठ होतं. इन्कोनेल ६२५ या मिश्रधातूचे पाइप आले होते. त्यात निदान ५८ टक्के निकेल असतं, असं कागदावर लिहिलेलं. मी फ्रिजवरचा चुंबक नेऊन पाइपाला लावला. तो टपकन खाली पडला. माल खोटा आहे, असं मी सरळ वर कळवलं. गोदामातले म्हातारबाबा, जे मला आणि पोस्टमनलाही 'लव्ह' म्हणतात, ते पिस्तुलासारखं यंत्र घेऊन आले. याला पीएमआय गन म्हणतात. क्ष-किरण मारून कोणता धातू किती, ते काही सेकंदांत सांगते. पडद्यावर निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम सगळं जिथल्या तिथे. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम एवढं मिसळलं की निकेलचं चुंबकत्व मावळतं. मग बाबांनी खिशातून दहा पेनीची दोन नाणी काढली. नवं चुंबकाला चिकटलं, जुनं नाही. जुनं तांबं-निकेलचं, २०१२ पासूनचं पोलादाचं, वरून नुसता निकेलचा मुलामा. निकेल हे नावच मुळी जर्मन खाणकामगारांनी खोडकर भुताला दिलेलं. तांब्यासारखं दिसणारं खनिज खणायचं आणि तांबं निघायचंच नाही! आमच्या कोकणातल्या चकव्याचा हा जर्मन भाऊ. मला तर त्याने भर दुपारी चकवलं.

तिसरी फजिती घरची. रत्नागिरीहून स्टीलच्या डब्यातून आंब्याचं लोणचं आणलं होतं. तीन महिन्यांनी डबा धुतला तर आत टाचणीने टोचल्यासारखे बारीक काळे ठिपके. 'आमच्याकडचं स्टील हलकं,' असं मी जेवणाच्या सुट्टीत म्हणून गेले. बाबांनी एका कारखान्यातून परत आलेला तुकडा दाखवला. त्यावर तसेच ठिपके! स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक पापुद्रा धरतं. तो इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही, पण ओरखडा पडला तर आपोआप भरून येतो. मिठातलं क्लोराइड एखाद्या ठिकाणी त्याला भोक पाडतं आणि मग धातू आत आत पोखरला जातो. याला मी 'खड्डेगंज' म्हणते. पापुद्र्याच्या 'पॅसिव्ह' या नावाचं भाषांतर मात्र मी वहीत 'निष्क्रिय थर' असं केलं होतं. सगळं काम जो करतो, त्यालाच आळशी ठरवून बसले!

खड्डेगंजावर उपाय मॉलिब्डेनम. ३१६ स्टीलमध्ये ते २ ते ३ टक्के, ६२५ मध्ये ८ ते १०, हॅस्टेलॉय सी-२७६ या दुसऱ्या निकेल-मिश्रधातूमध्ये १५ ते १७. आकडे पाहून मी म्हटलं, "मग सगळ्यांना सी-२७६ च देऊ या." बाबांनी चष्मा काढला. हायड्रोफ्लोरिक आम्लाला मोनेल चांगलं टिकतं, पण तेच नायट्रिक आम्लात नेलं तर विरघळू लागतं. नायट्रिकला साधं, स्वस्त स्टेनलेस पुरतं. तिथे सी-२७६ घालणं म्हणजे पैशाची माती. ओल्या क्लोरीनमध्ये मात्र साधं स्टील टिकत नाही, तिथे सी-२७६ लागतं. म्हणजे कशालाच न गंजणारा धातू नसतो. समोर काय आहे, किती तीव्र, किती गरम, हे आधी विचारायचं. एवढं समजायला मला चार महिने लागले. आता फोनवर कोणी 'तुमचा सगळ्यात चांगला पाइप द्या' म्हटलं, की मीच उलट विचारते, "आत काय वाहणार आहे?"

या अकलेच्या जोरावर यंदाचं लोणचं मी काचेच्या बरणीत भरलं आणि निश्चिंत झाले. काचेला काही झालं नाही. झाकण पत्र्याचं होतं, ते गंजलं.