लवंग, लिंबू, गुलाब, नीलगिरी

पुणे

प्रिय शुभे,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. हिंगाची डबी नाकाशी धरून नवऱ्याला विचारलंस म्हणे, "ही खडूची पूड कुणी भरून ठेवली?" सर्दी-ताप जाऊन महिने लोटले तरी वास परत यायचं नाव घेत नाही, आणि टोरांटोच्या थंडीत दारं-खिडक्या बंद करून, त्या डिफ्यूझरमधून दिवसभर लॅव्हेंडरची वाफ सोडत तू बसली आहेस. अगं, आधी ते यंत्र बंद कर. दिवसभर एकच वास खोलीत भरून राहिला की धडधाकट नाकसुद्धा थोड्या वेळानं त्याची दखल घेणं सोडून देतं. तुझ्या बिचाऱ्या नाकाचं काय घेऊन बसलीस!

तू लिहितेस, 'चव गेली'. जीभ तुझी ठणठणीत आहे. आंबट, गोड, खारट, कडू तिला कळतंय, आणि मिरचीची आग तर वेगळ्याच मज्जातंतूवाटे कळते. गोड्या मसाल्याला गोडा मसाला बनवणारं जे काही असतं, ते मात्र घास चावताना घशामागून नाकात चढतं. ती वाट बंद झाली की आमटी म्हणजे गरम, आंबट, खारट पाणी. दुसऱ्या लाटेत कोविड झाला तेव्हा मी जेवायचे ते घड्याळ बघून. घरातले म्हणायचे, 'वासच गेलाय ना, त्यात काय एवढं!' दृष्टी किंवा ऐकणं गेलं तर असं कुणी म्हणत नाही. तेव्हाचा माझा राग अजून गेलेला नाही.

असो. आशा का धरायची ते सांगते. नाकाच्या अगदी वरच्या भागात वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात, आणि त्या जन्मभर नव्यानं तयार होत राहतात. चेतापेशींच्या जगात हे फार दुर्मीळ. कोविडमध्ये तर विषाणूचा मुख्य मारा या पेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर होतो, असं २०२० साली पुढे आलं. तेव्हा नव्या पेशी येतात, पण मेंदूशी त्यांची जोडणी नीट बसावी लागते. माणसाकडे वास टिपणारे जवळजवळ चारशे प्रकारचे ग्राहक असतात, आणि एकेक वास म्हणजे त्यांतल्या कितीतरी जणांनी मिळून दिलेली वर्दी. त्यांचा शोध लावणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं.

वास परत यायला सराव मदत करतो, हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली दाखवलं. गुलाब, लिंबू, नीलगिरी आणि लवंग हे चार वास रुग्णांना सकाळ-संध्याकाळ बारा आठवडे हुंगायला दिले. सराव न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांत सुधारणा जास्त दिसली. हेच चार का? हान्स हेनिंग नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९१६ साली वासांचे सहा मूळ गट पाडले होते, त्यांतल्या चार गटांचे हे प्रतिनिधी. हेनिंगची ती विभागणी आज कुणी फारशी मानत नाही, पण त्याची चौकडी जगभरच्या आजारी नाकांसमोर अजून हजेरी लावते आहे. मला याची फार गंमत वाटते.

म्हणून ते 'अरोमाथेरपी किट' महागाचं घेऊ नकोस. तेलात औषध आहे असं समजून लोक पैसे ओततात. इथे काम करतं ते तुझं लक्ष. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय उचलायचा व्यायाम करतात ना, त्यातलाच हा प्रकार. चार छोट्या बरण्या घे, प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि त्यावर तेलाचे दोन-तीन थेंब. बरणीवर नाव लिही. टीव्ही बंद. बरणी नाकाखाली धरून वीसेक सेकंद हलके हलके हुंग, भस्सकन ओढू नकोस. आणि हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न कर: दाढदुखीला आजी लावायची ती लवंग, सरबतासाठी पिळलेलं लिंबू. काहीही आलं नाही तरी आठव. मग जरा थांबून पुढची बरणी. नीलगिरीपाशी फसू नकोस हं! तिचा गारवा नाकाला झोंबतो तो स्पर्शाच्या मज्जातंतूमुळे, वास आला म्हणून नव्हे.

तेल नाकात घालायचं नाही, कातडीला लावायचं नाही. लवंगेचं तेल चांगलंच भाजतं. नातू आला की बरण्या वरच्या फळीवर. नीलगिरीचं तेल पोटात गेलं तर लहान मुलांना घातक ठरतं.

तीन महिने तरी नेटानं कर. पुढे वास बदल. २०१५ साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी सराव लांबवून मधूनमधून वासांचे संच बदलले, तेव्हा फायदा जास्त झाला. त्यांच्या दुसऱ्या संचात थाइम होतं. तुझ्या डब्यात ओवा आहेच, दोन्हींत थायमॉल असतं. जाईही होती, ती मात्र तुला तिकडे शोधावी लागेल.

आणि एक दिवस कॉफी जळक्या रबरासारखी लागली, कांदा-लसणाची फोडणी सहन होईनाशी झाली, तर घाबरून सराव सोडू नकोस. नव्या जोडण्या अर्धवट असताना असं होतं, असं मानतात. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली कॉफीतले घटक वेगळे करून अशा लोकांना हुंगवले, तर भाजलेपणाचा वास देणारं गंधकयुक्त रसायन बहुतेकांना नकोसं झालं. मला कांदा परतताना स्वयंपाकघर सोडून पळावं लागायचं. तेव्हा दहीभात, काकडी, थंड फळं यांवर निभावलं. आता बरंच परत आलंय. केवडा मात्र अजून ओळखू येत नाही, आणि गणपतीत ते टोचतं.

सगळ्यांचं सगळं परत येतं असं नाही, हेही लिहून ठेवते. डोक्याला मार लागून वास गेला तर वाट अधिक कठीण. म्हणून आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखव. आत मांस वाढलंय का, सायनस भरलंय का, ते त्यांना बघू दे. ते असेल तर बरण्या हुंगून भागणार नाही.

शेगडी विजेची की गॅसची, ते कळव. गॅसला मुद्दाम घाण वास घालतात तो गळती कळावी म्हणून, आणि तुला आत्ता तो कळणार नाही. गळती ओळखणारा अलार्म याच आठवड्यात बसवून घे. दूध, उरलेली भाजी यांच्या डब्यांवर तारीख लिही, नाहीतर नवऱ्याला हुंगायला बसव. निवृत्तीनंतर त्यालाही काम हवंच आहे.

मिलिंद दिवाळीनंतर तिकडे येतोय. त्याच्याबरोबर ओवा आणि गोडा मसाला देते. तेलं तिथेच घे, सामानात सांडली तर माझ्या नावानं शंख करेल.

तुझी,
नीला