आकड्याची पाठचिकित्सा

विष्णुपुरीच्या परिसरात विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे शेजारी आहेत. आवारे वेगळी असली तरी शब्द एकातून दुसरीकडे सहज जातात. अलीकडे आमच्याकडे अभिप्रायासाठी येणाऱ्या कथांत ‘सेरोटोनिन’ हा शब्द वारंवार आढळतो. पूर्वी ज्या वाक्यात नायक उदास होत असे, त्या वाक्यात आता त्याचे सेरोटोनिन उतरते. शब्द नवा आहे ही आमची तक्रार नाही. मात्र हे सेरोटोनिन शरीरात कोठले आणि ते मोजले कसे, असे कोणी विचारीत नाही. आणि हे न विचारणे कधी कधी महागात पडू शकते.

हे आमच्या ध्यानात आले ते एका विद्यार्थ्यामुळे. नैराश्यावर त्याचे उपचार चालू होते, गोळ्यांनी उतारही पडत होता. कोणाच्या तरी सल्ल्यावरून त्याने शहरातील एका प्रयोगशाळेत रक्त तपासून घेतले. सेरोटोनिनचा आकडा नेहमीच्या मर्यादेच्या बराच खाली निघाला. “सर, गोळ्या घेऊनही एवढेच असेल, तर घ्यायच्या कशाला?” हा त्याचा प्रश्न. त्या बंद करण्याचे त्याने जवळजवळ ठरविलेच होते. आम्ही त्यास प्रथम त्याच्या डॉक्टरांकडे पाठविले, आणि स्वतः जैवरसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांकडे गेलो. पुढील विवेचनाचे श्रेय त्यांचे.

सेरोटोनिनची पहिली ओळख रक्तातली आहे. १९४८ साली क्लीव्हलंड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी ते गुरांच्या रक्ताच्या सिरममधून वेगळे केले, ते रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य म्हणून. इटलीतील एर्स्पामेर यांना तेच द्रव्य त्यापूर्वी आतड्यात सापडले होते. ते मेंदूतही असते, हे १९५३ मध्ये बेटी ट्वॅरॉग आणि पेज यांनी दाखविले; त्यांचे मोजमापाचे साधन होते शिंपल्यातील जिवाचे स्पंदणारे हृदय. शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः बनवितो. रक्तातले तेथवर पोचत नाही. आमच्या जवळच्या अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहेत, आणि केळ्यात सेरोटोनिन असते. परंतु डझनभर केळी खाऊनही त्यातले सेरोटोनिन मेंदूत जावयाचे नाही. लघवीची संबंधित तपासणी मात्र त्यांमुळे चुकू शकते, म्हणून तपासणीपूर्वी केळी वर्ज्य सांगतात.

आता मोजमापाची अडचण. रक्तातील सुमारे ९९ टक्के सेरोटोनिन प्लेटलेटांच्या, म्हणजे रक्तपट्टिकांच्या, पोटात साठविलेले असते. प्लाझ्मात, म्हणजे रक्तद्रवात, मोकळे उरते ते अत्यल्प. साठ्यातला शंभरावा भाग जरी बाहेर सांडला, तरी प्लाझ्मातला आकडा जवळजवळ दुप्पट होतो. आणि प्लेटलेटांचा स्वभावच असा, की शिरेत सुई शिरताच त्या जखम झाली असे समजून आपले पोट रिकामे करू लागतात. म्हणून दंडाला पट्टा फार वेळ बांधावयाचा नाही, बारीक सुई टाळावयाची, रक्त जोराने ओढावयाचे नाही, पहिले काही मिलिलिटर बाजूस ठेवावयाचे. गोठणे थांबविणारे द्रव्य घातलेली नळी हलक्या हाताने उलटवावयाची, झटकावयाची नाही. मग नमुना यंत्रात दोनदा फिरवावयाचा, आणि दुसऱ्या वेळी अधिक वेगाने. तळाशी बसलेल्या प्लेटलेटांना धक्का न लावता वरचाच द्रव उचलावयाचा. त्यानंतर येतात ती महागडी उपकरणे. ती कितीही सूक्ष्म असली, तरी सुईपाशी बिघडलेला नमुना त्यांना दुरुस्त करता येत नाही. निरोगी माणसांच्या प्लाझ्मासाठी निरनिराळ्या शोधनिबंधांत आलेल्या आकड्यांमध्ये शंभर पटींहून अधिक तफावत आहे. माणसे इतकी भिन्न नसतात. भिन्न असते ती रक्त हाताळण्याची पद्धत.

आमच्या विद्यार्थ्याची तपासणी तर प्लाझ्माचीही नव्हती, सिरमची होती. सिरम मिळविण्यासाठी रक्त गोठू द्यावे लागते, आणि गोठताना प्लेटलेट आपला साठा मोकळा करतात. म्हणजे अहवालातला आकडा त्या साठ्याचा होता. तो घेत असलेल्या जातीच्या गोळ्या सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणारी वाट अडवितात. प्लेटलेटांचा साठाही त्याच वाटेने भरतो. प्लेटलेट जगतात आठ-दहा दिवस; जुन्या जातात, नव्या रिकाम्याच राहतात, आणि काही आठवड्यांत साठा फार घटतो. ज्या आकड्याला तो औषधाचे अपयश समजत होता, तो औषध शरीरात काम करीत असल्याची खूण होता. मन बरे होत आहे की नाही, हे मात्र त्या आकड्यावरून ठरत नव्हते. ते त्याच्या झोपेवरून, भुकेवरून, बोलण्यावरून डॉक्टर ठरवीत होते. त्याच्या डॉक्टरांनीही त्यास हेच सांगितले. गोळ्या चालू राहिल्या.

उदासी म्हणजे सेरोटोनिनची उणीव, या समजुतीच्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील सर्पगंधेचा गुण ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडला. पुढे तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य निघाले. ते शरीरातील सेरोटोनिनचे साठे रिते करते, असे १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि सहकाऱ्यांना दिसले. काही रुग्ण त्यावर खिन्न होतात, असेही आढळले. त्यातून जे सोपे समीकरण रूढ झाले, त्यास सातत्यपूर्ण पुरावा नाही, असा निष्कर्ष २०२२ च्या एका मोठ्या आढाव्याने काढला. औषधांनी अनेकांना उतार पडतो, ही गोष्ट वेगळी आहे. ती का पडते, याचे उत्तर त्या समीकरणाहून गुंतागुंतीचे आहे.

साहित्याच्या अभ्यासकास हे अपरिचित वाटू नये. याच गोदावरीच्या काठी, वरच्या अंगाला पैठणास, एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून पाठात काय मिसळले, हे पाहिल्यावाचून अर्थाचा विचार पुरा होत नाही, ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल हाही एक पाठ आहे. नमुना कोणी घेतला, कशातून घेतला, वाटेत त्यात काय मिसळले, हे प्रश्न त्यासही विचारले पाहिजेत. आमच्या कथालेखक विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच, की नायकाचे सेरोटोनिन उतरविण्यापूर्वी ते कोणी मोजले, हे त्यांनी स्वतःस विचारावे. उत्तर नसेल, तर ‘उदास’ हा शब्द अजून पुरेसा आहे.