शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

व्हिएन्नाला मुलाकडे गेलो असताना एके दिवशी मी व पत्नी डॅन्यूब नदीतून मेल्क येथील ख्रिस्ती मठ पाहावयास गेलो. क्रेम्सहून निघालेली बोट प्रवाहाविरुद्ध जाते. सुमारे ३६ किलोमीटर अंतरास तिला तीन तास लागतात. तीरांवर द्राक्षमळे व जर्दाळूच्या बागा होत्या. ड्युर्नश्टाइनच्या टेकडीवर, जेथे इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता, त्या किल्ल्याचे भग्नावशेष दिसले. पत्नी मात्र अर्ध्या तासातच खुर्चीत गाढ झोपी गेली होती.

तिला उठवावे असे मनात आले. पण हात थांबला. माझ्या आईला पक्षाघात झाल्यानंतर चार वर्षे या बाईला सलग झोप मिळाली नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलावी, हे सांगणारा डॉक्टर मी होतो. बदलणारी ती होती. आई जाऊन वर्ष उलटले, तरी तिचा शीण उतरला नव्हता आणि रोज पन्नास रुग्ण तपासणाऱ्या मला तो दिसला नव्हता.

मेल्कच्या कड्यावर बेनेडिक्टाइन साधू १०८९ पासून राहत आहेत. आजची पिवळी-पांढरी भव्य वास्तू याकोब प्रांडटाउअर या वास्तुकाराच्या योजनेनुसार १७०२ पासून उभी राहिली. तेथील सज्जातून नदी पाहताना मला संत बेनेडिक्टांची सहाव्या शतकातील नियमावली आठवली. तिचे ३६वे प्रकरण आजाऱ्यांविषयी आहे. त्यांची काळजी सर्वांआधी घ्यावी, त्यांना स्वतंत्र खोली व दक्ष सेवक द्यावा, असे ते सांगते; आणि आजाऱ्यानेही अवाजवी मागण्यांनी सेवकास त्रासवू नये, असेही बजावते. त्याआधीचे प्रकरण स्वयंपाकघरातील सेवेचे आहे. ती सेवा आठवड्याच्या पाळीने करावयाची आणि जो अशक्त असेल त्याला मदतनीस द्यावयाचा. पाळी! हा साधा शब्द आमच्या घरात चार वर्षे कोणी उच्चारला नाही.

परतताना प्रवाह सोबतीला होता. ड्युर्नश्टाइन आले तेव्हा पत्नीने विचारले, “अहो, जाताना हा किल्ला होता का?” “होता,” मी म्हणालो, “तू झोपली होतीस, म्हणून उठवले नाही.”

वाचकहो, आपल्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर त्याची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीकडे आज नीट पाहा. तुटक झोप, चिडचिड, पाठदुखी, स्वतःच्या औषधांचा विसर ही थकव्याची लक्षणे असू शकतात. घरातील सर्वांनी बसून पाळ्या ठरवाव्यात, त्या कागदावर लिहाव्यात आणि आठवड्यातील एक रात्र तरी त्या व्यक्तीला पूर्ण झोप द्यावी. ती आपणहून मागेल याची वाट पाहू नये. माझ्या पत्नीने कधीच मागितली नव्हती.