सेमी इंग्रजीच्या पहिलीत आपली पोरं काय शिकतात?

इंग्रजीच्या प्रश्नावर आपल्या चळवळीत कायम दोन टोकं राहिली आहेत. एक टोक म्हणतं, इंग्रजी हीच मुक्तीची भाषा, मराठी गेली तर गेली. चंद्रभान प्रसाद यांनी तर २०१० साली उत्तर प्रदेशातल्या बांका गावात इंग्रजी देवीचं मंदिर उभारायला घेतलं. दुसरं टोक मातृभाषेतून शिक्षणाचं. ते मांडणाऱ्या विद्वानांना तुमची नातवंडं कुठल्या शाळेत आहेत असं विचारलं, की सभागृहात एकदम शांतता पसरते. एम.ए.ला असताना या वादावर मी रात्र रात्र भांडले आहे. गेल्या जूनपासून तो मला पुस्तकाबाहेर दिसतो, खडकवासल्यातल्या एका सेमी इंग्रजी शाळेच्या पहिलीच्या वर्गात.

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथली बरीच मुलं याच वर्गातली. त्यांना शिकवायला आलेली शिक्षिका नवी आहे. मराठवाड्यातली, डी.एड. मराठीतून केलेलं, भरतीची वाट बघण्यात उमेदीची वर्षं गेलेली. हजर झाल्यावर तिला सेमीची पहिली मिळाली. प्रशिक्षण मिळालं नाही, दोन सूचना मिळाल्या: गणित फक्त इंग्रजीतून शिकवायचं आणि मुलांनी ‘बाई’ म्हणायचं नाही, ‘टीचर’ म्हणायचं. पहिल्या आठवड्यात ती अभ्यासिकेत येऊन बसली आणि म्हणाली, “ताई, मी इंग्रजीत बोलले की वर्ग एकदम शहाण्यासारखा गप्प बसतो. एवढी शांतता मला सोसवत नाही.”

त्या शांततेत एक मुलगी आहे. तिची आई धरणाच्या चौपाटीवर कणसं भाजून विकते. वर्गात ‘हाऊ मेनी’ आलं की पोरगी पाटीकडे बघत बसते. रविवारी चौपाटीवर हीच पोरगी तीस रुपयांच्या तीन कणसांचे शंभरातून दहा परत देते, बोटंसुद्धा न मोजता. शाळेच्या नोंदीत मात्र ती गणितात कच्ची. वर्गात दोन मुलं बंजारा कुटुंबातली. त्यांच्या घरी गोरमाटी बोलतात. मराठी हीच त्यांची दुसरी भाषा, मग इंग्रजी कितवी ते तुम्हीच मोजा. बाकीच्यांच्या घरची मराठीही पुस्तकातली नाही. ‘व्हतं’ म्हटलं की पोराला दुरुस्त करणारी शाळा त्याला आधी घरच्या बोलीची लाज शिकवते, गणित त्यानंतर. बूर्द्यूने सांस्कृतिक भांडवल म्हटलं ते हेच. काहींच्या घरची भाषा शाळेत चलन म्हणून चालते, काहींची दारातच जप्त होते.

बाईंनी काय केलं? चिंचोके आणले. आधी मराठीत मोजायचं, मांडायचं, एकमेकांशी भांडायचं, मग त्याच ढिगाऱ्याला इंग्रजी शब्द लावायचा. बंजारा मुलांकडून गोरमाटीतले आकडे वर्गाला म्हणवून घेतले. यात एक गंमत लक्षात घ्या. इंग्रजीत ‘फोर्टी टू’ म्हणजे आधी चाळीस, मग दोन. मराठीत ‘बेचाळीस’, म्हणजे उलटं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा मंगला नारळीकरांच्या समितीवर केवढी टीका झाली. मराठी बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांतले किती जण पहिलीच्या वर्गात बसले असतील? दिवाळीपर्यंत चौपाटीवरची पोरगी फळ्यापर्यंत जाऊ लागली.

आणि तक्रार आली. ती आपल्याच वस्तीतून आली, हे मुद्दाम सांगते. “मॅडम मराठीत बोलतात. मराठीतच शिकवायचं होतं तर सेमीला कशाला घातलं?” बोलणारा बाप एका कंपनीत सुरक्षारक्षक आहे. मला म्हणाला, “ताई, साहेब फोनवर इंग्रजीत बोलत गाडीतून येतो आणि मी गेट उघडतो. माझ्या पोराने गेट उघडायचं नाही.” या माणसाला अस्मितेचं प्रवचन कोणत्या तोंडाने द्यायचं? त्याची मागणी शंभर टक्के बरोबर आहे. ती पुरी करण्याचा जो रस्ता त्याला विकला गेलाय तो खोटा आहे. पण शाळेने तक्रारीची खातरजमा न करताच बाईंना तोंडी समज दिली.

अनोळखी भाषेत मूल थेट घातलं की ते शिकतं, असं ठोकून सांगणारे कॅनडाचं उदाहरण देतात, म्हणून ते नीट बघू. १९६५ साली मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी स्वतः मागणी करून बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला. मुलं फ्रेंच शिकली, इंग्रजीही शाबूत राहिली. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट यांनी त्याचा अभ्यास केला. पण त्या वर्गात काय होतं? शिक्षिकेला मुलांची भाषा कळत होती. सुरुवातीला मूल इंग्रजीत बोललं तरी चालत होतं. वर्गातलं प्रत्येक मूल फ्रेंचमध्ये सारखंच नवखं होतं. दुसरीपासून इंग्रजी वाचनही शिकवत होते. मुख्य म्हणजे ती मुलं त्या देशातल्या सर्वांत ताकदवान भाषेची होती. तिला कुणी धक्का लावणार नव्हतं. त्याच कॅनडात आदिवासींच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत कोंबलं गेलं, स्वतःची भाषा बोलली म्हणून शिक्षा झाल्या. त्या देशाच्या सत्य आयोगाने २०१५च्या अंतिम अहवालात याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. देश एक, परक्या भाषेतल्या शाळा दोन. लॅम्बर्ट यांनीच पुढे फरक सांगितला: एका प्रकारात भाषेत भर पडते, दुसऱ्यात वजाबाकी होते. आपल्या पोरांच्या वाट्याला कोणता प्रकार आलाय, बोला.

बाबासाहेबांचं नाव या वादात दोन्हीकडून ओढलं जातं. शाळेत त्यांना संस्कृत नाकारलं गेलं म्हणून फारसी घ्यावी लागली. भाषा नाकारणं हे जातीचं जुनं हत्यार आहे, त्यामुळे इंग्रजी सोडण्याचा सल्ला आपण कुणाकडूनही ऐकणार नाही. पण रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध इंग्रजीत लिहिणारा हाच माणूस ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ मराठीत काढतो. त्यांनी एक भाषा देऊन दुसरी घेतली नव्हती.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. गावच्या पोरालाही इंग्रजी मिळावं ही ती भूमिका मला आजही पटते. पण पाव शतकानंतरही शिक्षकाला दोन भाषांतून शिकवायचं कसं, हे कुणी धड शिकवत नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला आणि विरोध झाल्यावर २९ जूनला मागे घेतला गेला. त्या गदारोळात मराठीच्या अभिमानावर बोलणारे पुष्कळ भेटले. गोरमाटी बोलणाऱ्या पोराबद्दल एकही बोलला नाही.

आता कामाचं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सांगतं की शक्य तिथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावं. म्हणजे वर्गात मराठी बोलणं गुन्हा नाही, बाईंच्या बाजूला कायदा आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा हवी. आपल्या किती कार्यकर्त्यांनी जवळच्या शाळेच्या समितीची यादी पाहिली आहे? खडकवासला २०२१ साली पुणे महापालिकेत आलं. पाण्यावर, रस्त्यावर, करावर मोर्चे निघतात. शाळेच्या समितीच्या बैठकीला चहा पिऊन सह्या होतात.

आम्ही वस्तीतल्या अकरा पालकांच्या सह्यांचं पत्र तयार केलं आहे. सेमीच्या शिक्षकांना दोन भाषांतून शिकवण्याचं प्रशिक्षण द्या, पहिली-दुसरीत मुलाला घरच्या भाषेत उत्तर देऊ द्या, आणि तोंडी समज दिलीत ती लेखी द्या, म्हणजे आम्हाला लेखी उत्तर देता येईल. सुरक्षारक्षक बापाने आधी सही करायला नकार दिला. मग एका रविवारी मुलाला समोर बसवून चिंचोक्यांवर इंग्रजीत बेरीज करायला लावली, तीही दोनदा. सही केली, पण खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: इंग्रजी कमी करू नये. ती ओळ आम्ही पत्रात तशीच ठेवली आहे. बैठक पुढच्या शनिवारी आहे.