भयाचें आख्यान

कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. पूर्वरंगांत तत्त्वाचें निरूपण होतें, उत्तररंगांत आख्यान रंगतें. खरें बोलावयाचें तर बहुतेक श्रोते येतात ते आख्यानासाठीं. परंतु त्या ओढीनें बसलेल्या माणसाच्या कानीं चार शहाणपणाचे शब्द पडतात, आणि बुवांचा सारा खटाटोप तेवढ्यासाठींच असतो.

अमेरिकेंतील डिस्कव्हरी वाहिनीनें १९८८ सालीं आरंभिलेला ‘शार्क वीक’ पाहतांना आम्हांस या कीर्तनाची आठवण होते. दर उन्हाळ्यांत ही वाहिनी एक सप्ताह शार्क माशासच वाहिलेली असते. (आपल्या कोंकणांत या कुळांतील लहान माशांस मुशी किंवा मोरी म्हणतात.) वासलेला जबडा, करवतीसारखे दांत, पाण्यावर पसरणारें रक्त! आख्यान असें रंगतें कीं, पोरेंसोरेंच काय, पण आमच्या वृद्ध काकूही जपमाळ बाजूस ठेवून समोर बसतात. निरूपणास मात्र तेथें वेळ थोडा.

तें निरूपण आपण करावें, असें सागररक्षणाची कळकळ असलेल्या कित्येक शास्त्रज्ञांनीं व संस्थांनीं मनावर घेतलें. कार्यक्रम चालू असतांच ते इंटरनेटवर लिहितात, लोकांच्या शंकांस उत्तरें देतात. २०१३ सालीं याच सप्ताहांत, लक्षावधि वर्षांपूर्वीं नष्ट झालेला मेगॅलोडॉन नांवाचा महाकाय शार्क अद्याप जिवंत असल्याचा भास, नटांस शास्त्रज्ञ बनवून, निर्माण करण्यांत आला. तेव्हां या मंडळींनीं त्यावर टीकेची झोड उठविली. खोट्या आख्यानानें गर्दी जमते, पण श्रोत्यांचा विश्वास उडतो.

अशा लेखनाचा उपयोग काय, हें आम्हीं घरींच पाहिलें. थोरले बंधु कार्यक्रम पाहून म्हणाले, “असलीं जनावरें नाहींशीं झालीं तर काय बिघडलें?” आमची पुतणी फोनवर तीच चर्चा वाचीत होती. ती म्हणाली, “मोठे काका, शार्कच्या हल्ल्यानें जगांत वर्षाकांठीं सरासरी दहाही माणसें मरत नाहींत. आणि २०१३ सालच्या एका शास्त्रीय अंदाजाप्रमाणें माणसें वर्षाला सुमारें दहा कोटि शार्क मारतात!”

“कशासाठीं?”

“परांच्या सुपासाठीं, मांसासाठीं. कित्येक तर दुसऱ्याच माशांसाठीं टाकलेल्या जाळ्यांत सांपडून मरतात. पुष्कळ जातींची मादी वयांत यावयास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. मग मेल्यांची भरपाई व्हायची कशी?”

बंधु कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं तो आंकडा त्यांनीं फिरावयास येणाऱ्या मित्रांस सांगितला.

‘जॉज’ ही कादंबरी १९७४ सालीं लिहून जगास शार्कचें भय घालणारे पीटर बेंचली पुढें स्वतःच समुद्राच्या रक्षणार्थ झटले. भय वाटलें म्हणूनच माणूस कुतूहलानें विचारूं लागतो. त्याच वेळीं त्यास कोणी खरें सांगणारा भेटला पाहिजे. म्हणून आमची सूचना एवढीच कीं, हा सप्ताह घरांत लागेल तेव्हां मुलांना खुशाल भिऊं द्यावें. मात्र तीं निजावयास जाण्यापूर्वीं दहा माणसें आणि दहा कोटि मासे, हा हिशेब त्यांस अवश्य सांगावा.