बरं वाटत असतानाचं औषध

निळा पंप कधी द्यायचा आणि दुसरा कधी, हेच मला सुरुवातीला उमगत नव्हतं. "ताई, निळा धाप लागल्यावर. दुसरा रोज सकाळ-संध्याकाळ, पोरगं ठणठणीत दिसलं तरी," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बरं वाटत असताना औषध कशाला? घरी आल्यावर प्रत्येकानं मला हेच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझा मुलगा सात वर्षांचा. आम्ही लातूरला राहतो, शेती गावाकडे. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या, मळणीयंत्राचा भुस्सा उडू लागला की त्याला ढास लागायची. पहाटे छातीतून सूं-सूं आवाज यायचा, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. दवाखान्यात वाफ दिली की तो खेळायला लागायचा. यंदा डॉक्टर म्हणाले, हा दमा आहे. दमा म्हातारपणी होतो, एवढंच मी ऐकून होते.

पुढच्या वेळी वही घेऊन गेले. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते, त्रास नसतानाही. त्यात धूळ, धूर, गाजरगवताचे परागकण किंवा साधी सर्दी, काहीही निमित्त मिळालं की नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल काही मिनिटांत ते सैल करतं, पण सूज तशीच राहते. ती उतरवतं दुसऱ्या पंपातलं ब्युडेसोनाइड, आणि तेही रोज घेतलं तरच. वर्षानुवर्षं नुसत्या निळ्या पंपावर माणसं निभावतात, ते धोक्याचं आहे. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या 'जीना' या जागतिक संस्थेनं २०१९ पासून मोठ्यांसाठी आणि किशोरवयीनांसाठी तसं स्पष्टच सांगितलं आहे.

ब्युडेसोनाइड म्हणजे स्टेरॉइड, हे कळल्यावर माझे हातपाय गळाले. सासूबाई म्हणाल्या, "पंपाची सवय लागती गं, त्यापेक्षा गोळी बरी." मलाही ते पटत होतं. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. साल्ब्युटामॉलची एक गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम. पंपाच्या दोन फवाऱ्यांत दोनशे. वीसपट फरक! गोळी पोटातून रक्तात आणि तिथून अंगभर जाते. पंपाचं औषध थेट फुप्फुसात. डोळे आले की आपण थेंब डोळ्यातच टाकतो, तसंच हे. स्टेरॉइडचंही तेच, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये. घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही.

मग ते प्लास्टिकचं नळकांडं, स्पेसर. पंप नुसता तोंडात धरून दाबला तर बरंच औषध घशातच चिकटतं. आधी पंप हलवायचा, नळकांड्याला जोडायचा, एकच फवारा मारायचा आणि लेकरानं सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे. पुढचा फवारा त्यानंतर.

नांदेडला माझ्या आक्काकडे गेले तर तिथे वेगळाच सल्ला: मृगाला हैदराबादला ने. बथिनी कुटुंब मृग नक्षत्र लागताना नामपल्लीच्या मैदानावर जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळं औषध घालून तो मासा गिळायला देतं. नांदेड-लातूरकडून तिकडे जाणारी माणसं आमच्या ओळखीतही आहेत. लेकराचा श्वास अडकताना पाहिलेली आई कुठंही जाईल, हे मला आता कळतं. पण त्या औषधानं दमा आटोक्यात येतो असं शास्त्रीय तपासणीत सिद्ध झालेलं नाही, आणि त्या भरवशावर रोजचा पंप बंद झाला तर आतली सूज पुन्हा वाढते. मी आक्काला तेवढंच सांगितलं.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात, असं जागतिक रोगभाराचा अभ्यास सांगतो. हे आकडे वाचून मला झोप लागली नाही. कारण ही दोन्ही औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरला, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे छातीची तपासणी होते. स्वस्त औषधांसाठी जनऔषधी केंद्रं आहेत. गावातल्या दुकानात मात्र सुटी गोळी सहज मिळते आणि पंप मागितला तर तालुक्याला जा म्हणतात. शिवाय पोरीला पंप असेल तर सोयरीक जुळणार नाही, या धास्तीनं आया तो लपवतात.

मी मुलाचा पंप शाळेत वर्गशिक्षिकेच्या हातात दिला, वापरून दाखवला. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ निळसर पडत असतील, निळ्या पंपानं उतार पडत नसेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करायचा, हेही त्यांच्या वहीत लिहून दिलं.

मे महिन्याचा पहिला मंगळवार जागतिक दमा दिन म्हणून पाळतात. मृग त्यानंतर महिनाभरानं लागतो. त्या मधल्या दिवसांत प्रत्येक उपकेंद्रात आशाताईंनी पंप आणि स्पेसर आयांच्या हातात द्यावा, त्यांच्याकडून वापरून घ्यावा आणि रोजचा पंप गावातच मिळण्याची सोय व्हावी. बोलावणं आलं तर माझी वही घेऊन मी पहिल्या रांगेत असेन.